छोट्या लढायांचा सेनापती

दसरा उलटला की पेण आणि रोहा या गावांतील मुलांची मातीशी गट्टी जमते. शेतांत भाताची कापणी चाललेली असते, पावसाने धुऊन काढलेले डोंगर अजून हिरवे असतात, आणि अंगणाच्या कोपऱ्यात रचलेल्या दगडविटांवर व फाटक्या पोत्यांवर तांबड्या मातीचा गिलावा चढू लागतो. पेणच्या मुलांना मिरगडाचा डोंगर जवळचा, रोह्याच्या मुलांना अवचितगड. त्यामुळे किल्ला कसा असतो हे त्यांना कोणी शिकवावे लागत नाही. बुरूज होतात, दरवाजा होतो, उतारावर हळीव पेरले जातात. मग बाजारातून मातीचे मावळे येतात. कोणाच्या हाती भाला, कोणाच्या हाती ढाल-तलवार, एखादा तोफेजवळ बत्ती घेऊन वाकलेला.

किल्ला पुरा झाला म्हणजे मात्र या फौजेला काही काम उरत नाही. भालदार भाला उगारून दिवाळीभर तसाच उभा असतो आणि तोफेतून गोळा कधी सुटत नाही. खेळण्यातील फौज चालवावी कशी, तिच्या चालींना नियम कोणते लावावेत, आणि असा खेळ खेळणाऱ्याला खऱ्या युद्धाविषयी काय कळते, या गोष्टींचा विचार एका इंग्रज लेखकाने मोठ्या आस्थेने केला होता. त्याचे नाव हर्बर्ट जॉर्ज वेल्स. काळाच्या पलीकडे नेणारे यंत्र आणि अदृश्य होणारा मनुष्य यांच्या कथा लिहिणारा म्हणून तो जगाला ठाऊक आहे. शिशाच्या शिपायांचा सेनापती म्हणून त्याची ओळख फार थोड्यांना असते.

वेल्सचा जन्म इ. स. १८६६ च्या सप्टेंबर महिन्यात लंडनजवळ ब्रॉमली या गावी झाला. त्याचे वडील जोसेफ हे मुळात बागेत काम करणारे माळी. पुढे त्यांनी चिनी मातीच्या भांड्यांचे दुकान घातले. त्याच दुकानात क्रिकेटच्या बॅटी व चेंडूही विकायला असत, आणि गंमत अशी की घर चालवायला भांड्यांपेक्षा क्रिकेटचीच मदत अधिक होई. जोसेफ नामांकित गोलंदाज होते. १८६२ साली केंट परगण्याकडून खेळताना त्यांनी लागोपाठच्या चार चेंडूंवर चार गडी बाद केले होते. आई सारा ही लग्नापूर्वी एका श्रीमंत घराण्यात मालकिणीच्या सेवेत होती. घर अंधारे, स्वयंपाकघर तळघरात, आणि पैशाची ओढाताण नेहमीची.

१८७४ मध्ये, हर्बर्ट सात वर्षांचा असताना, क्रिकेटच्या मैदानावर एका थोराड मुलाने त्याला कौतुकाने हवेत उडविले. झेलताना त्याचा अंदाज चुकला, हर्बर्ट तंबूच्या खुंटीवर आपटला आणि त्याच्या पायाचे हाड मोडले. पुढे कित्येक आठवडे तो अंथरुणाला खिळून होता. वडील त्याच्यासाठी गावातील वाचनालयातून पुस्तके आणू लागले. प्रवासवर्णने, प्राण्यांची माहिती, इतिहास, जे मिळेल ते त्या मुलाने वाचून काढले. वाचनाची ही गोडी पुन्हा कधी सुटली नाही. पाय मोडला हे आपले भाग्य असे वेल्स पुढे मोठेपणी मानीत असे.

पाय बरा झाल्यावर हा किडकिडीत मुलगा ब्रॉमलीच्या आसपास एकटाच भटकत असे. पाहणाऱ्याला वाटे, पोरगा निमूटपणे फिरायला निघाला आहे. त्याच्या डोक्यात मात्र त्या वेळी फौजा चालत असत. गावालगतच्या मार्टिन्स हिल नावाच्या टेकडीवर त्याने मनातल्या मनात कितीतरी घनघोर लढाया मारल्या. या टेकडीमागे घोडदळ लपवायचे, त्या कुंपणाआड तोफा ठेवायच्या, शत्रू ओढ्यात उतरला की त्याला दोहोंकडून कोंडायचे. प्रत्येक लढाईत सेनापती तोच, आणि विजयही त्याचाच. या दिवास्वप्नांत मोठी सोय होती. मरणारे कोणी दिसत नसत, आणि हुकूम देणारा कधी चुकत नसे.

घरच्या परिस्थितीने त्याला लवकरच या स्वप्नांतून जागे केले. वडिलांची मांडी मोडली आणि क्रिकेटची मिळकत थांबली. आईने पुन्हा जुन्या मालकिणीच्या वाड्यात कारभारणीची नोकरी धरली, आणि हर्बर्टला १८८१ साली साउथसी येथे एका कापडाच्या दुकानात उमेदवार म्हणून ठेवण्यात आले. दिवसाचे तेरा तास काम, निजायला इतर उमेदवारांबरोबर एक सामाईक खोली, आणि वाचायला चोरलेली दहा मिनिटे. दोन वर्षे त्याने हे सोसले. एका रविवारी पहाटे तो कोणाला न सांगता निघाला, सतरा मैल चालून आईकडे गेला, आणि पुन्हा दुकानात पाऊल टाकणार नाही असे त्याने तिला निक्षून सांगितले. आईने फार दुःख केले. पण मुलगा बधला नाही. मिडहर्स्ट येथील शाळेत शिकत-शिकवत त्याने परीक्षा दिल्या, शिष्यवृत्ती मिळविली, आणि १८८४ साली तो लंडनच्या विज्ञान महाविद्यालयात दाखल झाला. तेथे जीवशास्त्र शिकवावयास थॉमस हक्सले यांच्यासारखा थोर गुरू त्याला लाभला.

पुढचा मार्ग काही सरळ नव्हता. शेवटच्या परीक्षेत तो अनुत्तीर्ण झाला. वेल्स प्रांतातील एका शाळेत मास्तरकी करीत असता फुटबॉलच्या खेळात त्याला जबर लाथ बसली, मूत्रपिंडाला इजा झाली, आणि पाठोपाठ छातीतून रक्त पडू लागले. बरा झाल्यावर त्याने पुन्हा शिकवणे धरले आणि १८९० साली पदवी मिळविली. तीन वर्षांनी दुखणे उलटले, तेव्हा शाळेतील नोकरी सोडून त्याने लेखणीवर पोट भरण्याचे ठरविले. १८९५ साली काळयंत्राची कथा प्रसिद्ध झाली, १८९७ मध्ये अदृश्य माणसाची, १८९८ मध्ये मंगळावरून पृथ्वीवर चालून आलेल्या फौजेची. कापडाच्या दुकानातून पळालेला मुलगा तिशीच्या आसपास इंग्लंडभर गाजू लागला. १९०३ साली त्याने खंदक ओलांडून जाणाऱ्या पोलादी रणगाड्यांची कथा लिहिली. खरे रणगाडे रणांगणावर आले ते त्यानंतर तेरा वर्षांनी.

सँडगेट या समुद्रकाठच्या गावी वेल्सने स्वतःचे घर बांधले. जिप आणि फ्रँक या त्याच्या दोन मुलांची खेळणी तेथे सर्वत्र पसरलेली असत. त्या काळी इंग्लंडात शिशाचे पोकळ शिपाई स्वस्त मिळत, आणि त्यांच्या जोडीला स्प्रिंगची एक छोटी तोफ मिळे. तिच्यातून इंचभर लांबीची लाकडी गोळी सुटे, आणि नेम चांगला असला तर आठ मीटरांवरचा शिपाई हमखास लोळे. एके दिवशी विनोदी लेखक जेरोम हा वेल्सकडे जेवायला आला होता. जेवण आटोपल्यावर शेजारच्या मेजावर ही तोफ आणि चार-पाच शिपाई त्याच्या दृष्टीस पडले. त्या प्रौढ गृहस्थाने खुर्ची पुढे ओढली, तोफ भरली, काळजीपूर्वक नेम धरला आणि एक शिपाई पाडला. मग त्याने यजमानाला आव्हान दिले. झाले! दोघेही नामांकित लेखक त्या दुपारी तोफ चालवीत बसले.

नुसता नेम धरण्याने वेल्सचे समाधान होईना. शिपायांना आडोसा हवा, म्हणून विश्वकोशाचे जाडजूड खंड जमिनीवर मांडून डोंगर करण्यात आले. विश्वकोशाचा असा उपयोग त्याच्या संपादकांच्या स्वप्नातही आला नसेल. नंतर ठोकळ्यांची घरे आली, झाडांच्या डहाळ्यांची राने आली, खडूने काढलेल्या नद्या आल्या. खेळाचा एकेक नियम अनेक डावांत तावूनसुलाखून निघाला. जो नियम खेळाची गंमत घालवी तो वेल्स बिनदिक्कत टाकून देई.

युद्धाचा खेळ ही कल्पना मात्र त्याची नव्हती, आणि तिचे मूळ आपल्याच देशात आहे. हत्ती, घोडे, रथ आणि पायदळ अशा चार अंगांच्या सेनेवरून आपल्या पूर्वजांनी चतुरंग हा खेळ रचला. तो इराणात गेला, अरबांकडे गेला, युरोपात पोहोचला. तोच आपला बुद्धिबळाचा खेळ. पण पटावरची चौसष्ट घरे सारखी सपाट असतात. तेथे डोंगर नाही, नदी नाही, चिखल नाही. १७८० साली जर्मनीतील ब्राउनश्वाइग येथे हेलविग नावाच्या गणिताच्या शिक्षकाने सोळाशेंहून अधिक घरांचा पट केला, आणि घरांना वेगवेगळे रंग देऊन त्यांवर डोंगर, पाणी व दलदल दाखविली. पुढे प्रशियातील राइसविट्झ पितापुत्रांनी घरेच काढून टाकली. वडिलांनी भूप्रदेशाचे तुकडे जोडून केलेले मेज १८१२ साली राजाला दाखविले. मुलाने १८२४ साली नकाशावर खेळण्याचे नियम छापले. ते नियम इतके बारीकसारीक होते की सेनाधिकाऱ्यांवाचून ते कोणाला झेपत ना. सैन्याच्या कचेरीतला हा खेळ वेल्सने घरातील जमिनीवर आणला आणि मुलांच्या हाती दिला.

१९१३ साली त्याने या खेळाचे पुस्तक काढले. त्याच्या नावाचा अर्थ छोट्या लढाया असा आहे. हा खेळ बारा वर्षांच्या मुलापासून दीडशे वर्षांच्या मुलापर्यंत सर्वांसाठी आहे, असे त्याने गमतीने नमूद केले. मुलींपैकी ज्यांना मुलांचे खेळ आवडतात अशा चतुर मुलींनाही त्याने परवानगी दिली होती; हे आमंत्रण जरा हात राखूनच होते असे म्हणावे लागेल.

नियम थोडके आणि स्पष्ट होते. रणभूमी एकाने मांडायची, आणि दुसऱ्याने आपली बाजू निवडायची. म्हणजे मांडणारा लबाडी करू शकत नाही. मध्ये पडदा लावून दोघांनी आपापल्या फौजा उभ्या करायच्या. पडदा निघाला की लढाई सुरू. पायदळाने एका चालीत एक फूट जायचे, घोडदळाने दोन फूट; अंतर दोरीने मोजायचे आणि वेळ घड्याळाने. तोफेजवळ आपली चार माणसे असली तरच ती चालेल, आणि एका चालीत ती एक तर हलेल किंवा डागली जाईल. हातघाई झाली तर माणसास माणूस जातो. दहांवर दहा तुटून पडले तर वीसही खेळाबाहेर. पाठीशी कुमक नसलेली लहान तुकडी मोठ्या फौजेच्या तावडीत सापडली तर तिच्यातील माणसे कैद होतात, आणि कैद्यांना नेण्यासाठी पहारा द्यावा लागतो. फाशांवर त्याने काहीच सोपविले नाही. चूक झाली तर ती खेळणाऱ्याचीच.

मार्टिन्स हिलवरच्या लढायांत हाच एक भाग नव्हता. आता समोर दुसरा खेळाडू होता, आणि तो वेल्सच्या मनाप्रमाणे वागत नव्हता. घड्याळ धावत असे, हात गडबडत, मोक्याच्या जागी ठेवलेले घोडदळ नेमके चुकीच्या वेळी पुढे जाई. असे तीनचार डाव खेळलेल्या माणसाला खरे युद्ध ही किती गोंधळाची आणि आंधळी गोष्ट असली पाहिजे ते कळून चुकेल, असा अभिप्राय वेल्सने पुस्तकाच्या शेवटी दिला. ज्या राजांना व सेनापतींना लढाईची खुमखुमी असेल त्यांनी शिशाच्या शिपायांवर ती भागवावी, म्हणजे कोणाचे घर जळणार नाही, ही त्याची सूचना थट्टेची होती आणि थट्टेची नव्हतीही.

वेल्सचे शिपाई त्याच्या काळातले. त्याच्या खेळात सारी मारगिरी तोफेची. साधा शिपाई बंदूक झाडीतच नाही. असे नियम शिवकालीन मावळ्यांना जसेच्या तसे लावता येत नाहीत. खेळातील मांडणी एका पद्धतीतून दुसऱ्या पद्धतीत आणायची म्हणजे काय करावे लागते, याचे एक उदाहरण आपल्याकडेच आहे. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात त्रिवेंगडाचार्य शास्त्री या पंडितांनी बुद्धिबळाच्या मांडलेल्या डावांचा ग्रंथ रचला, आणि १८१४ साली मुंबईत त्याचे जे इंग्रजी पुस्तक निघाले त्यात ते डाव युरोपीय पद्धतीला जुळवून दिले होते. देशी पद्धतीत प्याद्याला पहिल्या चालीत दोन घरे जाता येत नसे, युरोपात येते. एवढ्याशा फरकानेही मात होणारा राजा निसटू शकतो. म्हणून जुळवणाऱ्याला प्रत्येक डाव पुन्हा तपासावा लागतो.

पेणच्या किंवा रोह्याच्या मुलांनी उंबरखिंडीची लढाई वेल्सच्या रीतीने अंगणात मांडायची ठरविली तर त्यांनाही हेच करावे लागेल. ही खिंड त्यांना परकी नाही. खोपोलीच्या दक्षिणेस चावणी गावाजवळ ती आहे, आणि तेथून वाहणारी अंबा नदी पुढे रोहा तालुक्यातील नागोठण्यावरून पेण तालुक्याच्या कडेने धरमतरच्या खाडीत जाते. इ. स. १६६१ च्या फेब्रुवारीत शायिस्तेखानाने पाठविलेला कारतलबखान कुरवंडे घाटाने कोकणात उतरत होता. वाट अरुंद, दोन्ही अंगांना दाट रान. सारी फौज खिंडीत शिरेपर्यंत शिवाजी महाराजांच्या मावळ्यांनी श्वास रोखून धरला. मग पुढची वाट बंद झाली आणि मागचीही.

अशा लढाईत तोफ निरुपयोगी. मग वरून होणारा मारा दाखवायचा कसा? उतारावरून गोटी सोडावी, ती ज्याला पाडील तो पडला. वेल्सच्या लाकडी गोळीचेच हे देशी रूप. मध्ये पडदा लावूनही येथे भागत नाही, कारण खान वाटेने उघड चालतो आणि मावळे शेवटपर्यंत लपलेले असतात. मराठ्यांच्या बाजूच्या खेळाडूने आपल्या तुकड्यांच्या जागा कागदावर लिहून तो दगडाखाली ठेवावा. घोडेस्वाराला मोकळ्यावर दोन फूट चाल असली तरी खिंडीत ती पायदळाइतकीच धरावी, आणि हातघाईत दोन्ही बाजूंची पुढची दोन-तीन माणसेच मोजावीत. पाठीमागे शंभर असले तरी अरुंद वाटेत त्यांचा काय उपयोग? खानाच्या फौजेला खिंडीत पाणी मिळाले नव्हते. म्हणून काही चाली उलटल्या की तिचे एकेक माणूस जागीच बसवावे.

एवढे झाले तरी एक अडचण उरते. घडले तसेच मांडले तर खान प्रत्येक वेळी हरणार, आणि त्याची बाजू घ्यायला कोणी तयार होणार नाही. तेव्हा त्याला एक संधी द्यावी लागते: खिंडीत शिरण्यापूर्वी चार स्वार टेहळणीला पाठवायचे की नाही ते त्याने ठरवावे. स्वार पाठविले तर वेळ जातो, न पाठविले तर सापळा दिसत नाही. येथेच सारा खेळ येतो. आणि शेवट? खानाबरोबर रायबागन नावाची एक शूर सरदारीण होती. पुढे जाणे म्हणजे मरण हे तिने ओळखले आणि खानाला शरण जाण्याचा सल्ला दिला. खानाने तो मानला. सामानसुमान आणि खंडणी घेऊन महाराजांनी त्या फौजेला सुखरूप जाऊ दिले. म्हणून या खेळात गुण मोजायचे ते पाडलेल्या शिपायांचे नव्हेत. मराठ्यांना गुण हस्तगत केलेल्या सामानाचे, खानाला गुण वाचविलेल्या माणसांचे. रायबागनेची हकीकत वेल्सला ठाऊक असती तर मुलींविषयीचा तो शेरा त्याने बहुधा बदलला असता.

वेल्सचे पुस्तक निघाले त्याच्या पुढच्याच वर्षी, १९१४ च्या ऑगस्टमध्ये, युरोपात महायुद्धाचा भडका उडाला. युद्ध ही आंधळी गोष्ट आहे असे लिहिणारा हा मनुष्य आता काय करील? त्याने युद्धाचा जोरदार पुरस्कार केला. जर्मनीची लष्करशाही एकदा मोडली की पुन्हा युद्ध होणारच नाही, हे युद्ध युद्धांचा शेवट करील, असे त्याने हिरिरीने लिहिले, आणि लाखो वाचकांनी त्याच्यावर विश्वास ठेवला. वेल्सचे चरित्र सांगताना हा भाग झाकून ठेवणे बरे नव्हे. शिशाच्या शिपायांनी शिकविलेला धडा तो नेमका गरजेच्या वेळी विसरला. चार वर्षांत जवळजवळ एक कोटी सैनिक मृत्युमुखी पडले, आणि युद्धाचा शेवट तर झालाच नाही.

त्यानंतर तो बदलला. राष्ट्रांनी एकत्र येऊन भांडणे मिटवावीत म्हणून तो लिहू व बोलू लागला. प्रत्येक देश आपल्याच लढायांचा इतिहास मुलांना शिकवितो, म्हणून मुले मोठी झाल्यावर एकमेकांशी लढतात, असे त्याचे मत झाले. यावर उपाय म्हणून त्याने साऱ्या मानवजातीचा एकच इतिहास लिहावयास घेतला. १९२० मध्ये पूर्ण झालेला तो प्रचंड ग्रंथ जगभर खपला. त्यात त्याने मोठमोठ्या दिग्विजयी राजांना फारसे महत्त्व दिले नाही. कलिंगाचा संहार पाहून शस्त्र खाली ठेवणाऱ्या आपल्या सम्राट अशोकाला मात्र जगातील सर्व राजांत अग्रपूजेचा मान दिला. मार्टिन्स हिलच्या सेनापतीने केलेली ही निवड होती.

१९३४ साली त्याने आत्मचरित्र प्रसिद्ध केले. हिटलर जर्मनीत सत्तेवर आला त्याला तेव्हा थोडाच काळ लोटला होता. वेल्सने त्यात आपल्या लहानपणच्या त्या लढाया प्रांजळपणे वर्णिल्या, आणि तेरा वर्षांच्या वयात आपल्या डोक्यात जे होते तेच आज या मनुष्याच्या रूपाने खरे झाले आहे, असा धक्कादायक निर्वाळा दिला. त्याच्या मते फरक एवढाच, की तो स्वतः त्या स्वप्नांतून मोठा होऊन बाहेर पडला. अशी कबुली द्यायला फार धैर्य लागते.

दुसऱ्या महायुद्धात लंडनवर बॉम्ब पडत असताना पंचाहत्तरीकडे झुकलेला वेल्स आपले घर सोडून गेला नाही. प्रत्येक माणसाला जन्मतःच कोणते हक्क असावेत याचा एक जाहीरनामा त्याने १९४० साली इतरांच्या सहकार्याने तयार केला आणि देशोदेशी पाठविला. पुढे १९४८ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी मानवी हक्कांचा जाहीरनामा मान्य केला, पण तो पाहावयास वेल्स नव्हता. अणूची शक्ती वापरणाऱ्या बॉम्बची कल्पना त्याने १९१४ साली एका कादंबरीत मांडली होती. १९४५ च्या ऑगस्टमध्ये हिरोशिमावर तो बॉम्ब खरोखरच पडला. आपली भविष्यवाणी खरी ठरल्याचा आनंद त्या म्हाताऱ्याला झाला नाही; शेवटच्या लिखाणात तो फार उदास दिसतो.

१३ ऑगस्ट १९४६ रोजी लंडनमधील राहत्या घरी त्याचे निधन झाले. छोट्या लढायांचे त्याचे पुस्तक अजून वाचले जाते. त्याच्या मागून आलेल्या लोकांनी त्या धर्तीवर रोमन पलटणींचे, समुद्रावरील आरमारांचे आणि मध्ययुगातील चिलखती सरदारांच्या चकमकींचेही खेळ तयार केले. ज्याच्या खेळण्यांतली तोफ जेरोमने उचलली होती तो जिप मोठेपणी प्राणिशास्त्रज्ञ झाला, आणि वडिलांबरोबर त्याने जीवशास्त्राचा एक मोठा ग्रंथही लिहिला. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्याजवळ वेल्सची रक्षा समुद्रात सोडण्यात आली, तेव्हा त्या नावेत जिप होता.